मेच्या उन्हात जुळवलेली लाइन

२०२० च्या जूनमध्ये माझ्या घरची ब्रॉडबँड लाइन तासाभरात सहा-सहा वेळा तुटत होती, आणि ती तशी मीच करून ठेवली होती. त्या दिवसांत माझ्यामुळे एक मुलगी अंधार पडेपर्यंत शेताच्या धुऱ्यावर उभी राहिली. म्हणून हे लिहिते आहे.

मी चिमूरला राहते, गणित शिकवते. टाळेबंदीत वर्ग घरूनच घ्यावे लागले. माझे विद्यार्थी भिसी, खडसंगी, कोलारा या बाजूंच्या गावांतले. त्यांच्याकडे घरातला एकच फोन, आणि त्यालाही घरात रेंज नाही. कोलाऱ्याकडची ही मुलगी रेंजसाठी गावाबाहेर जायची. कोलारा म्हणजे ताडोबा व्याघ्रप्रकल्पाचं एक प्रवेशद्वार. त्या भागात संध्याकाळी शेतात एकटं थांबणं म्हणजे काय, हे आमच्या तालुक्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

माझं घर नेरी रस्त्याला. एक्सचेंजपासून तांब्याची तार वळसे घेत साधारण चार किलोमीटर येते. एवढ्या अंतरावर मला २.८ एमबीपीएस वेग मिळत होता. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २००४ साली २५६ केबीपीएस पुरत होते, २०१३ पासून तेव्हापर्यंत ५१२. त्या हिशेबाने माझी लाइन चांगलीच होती. पण चित्र अडखळलं की मला वाटायचं, वेग कमी पडतो. मेच्या सुट्टीत नात्यातल्या एका मुलाने फोनवर मोडेमची एक सेटिंग सांगितली. ती बदलली आणि वेग ३.६ झाला. मला फार आनंद झाला होता.

त्या सेटिंगचं नाव नॉइज मार्जिन. आपल्याकडे धानाच्या बांधीत पाणी भरताना धुऱ्याच्या काठापर्यंत कोणी भरत नाही. वर थोडा धुरा कोरडा ठेवतात, रात्री पाऊस आला तर बांधी फुटू नये म्हणून. मोडेमही तेच करतो. तारेवरची जागा तो शेकडो बारीक पट्ट्यांत वाटतो, आणि प्रत्येक पट्टीत किती माहिती भरायची हे तिथला गोंगाट पाहून ठरवतो. पट्टीत एक बिट जास्त भरायचा तर सुमारे ३ डेसिबल शांतता जास्त लागते. सगळी शांतता तो वापरून टाकत नाही. साधारण ६ डेसिबल राखून ठेवतो. मी ते ६ चे १ करून टाकले. वरचे ०.८ एमबीपीएस आले ते या राखीव साठ्यातून. लाइन होती तशीच होती, धुरा तेवढा मी खाली आणला होता.

माझ्यासारखा साधा मोडेम लाइन जुळते त्या घडीला वेग ठरवतो आणि मग त्यालाच धरून बसतो. गोंगाट वाढला तर वेग थोडा उतरवून तगून राहणं त्याला जमत नाही. तो सरळ तुटतो आणि पहिल्यापासून जुळवाजुळव करतो. मी जुळवलं होतं मेमध्ये, दुपारी तीनला. हवा कोरडी, जोड कोरडे. संध्याकाळी वर्ग नव्हते, त्यामुळे संध्याकाळची लाइन मी पाहिलीच नाही.

संध्याकाळी तारेवर काय होतं हे मला पुढे कळलं. तांब्याच्या तारेवरच्या या ब्रॉडबँडचा, म्हणजे एडीएसएलचा, डाउनलोडचा पट्टा साधारण १३८ ते ११०४ किलोहर्ट्झचा. रेडिओच्या मध्यमलहरीचा मोठा भाग याच पट्ट्यात येतो. आकाशवाणी नागपूरचं ५८५ किलोहर्ट्झ अगदी मधोमध. शिवाय सूर्य मावळला की लांबलांबच्या केंद्रांच्या लहरी आकाशातून परावर्तित होऊन खाली पोचतात, म्हणून तर रात्री जुन्या रेडिओवर दूरची स्टेशनं लागत. खांबावरून लोंबत आलेली तार त्या सगळ्यांची एरियल होते. आणि मग पाऊस. जोडांत ओल शिरली की गोंगाट एकदम चढतो. १ डेसिबलच्या धुऱ्याने यातलं काय अडवायचं?

मृगाच्या पावसानंतरच्या आठवड्यात मी संध्याकाळी साडेसहाला शंकांचा तास ठेवला. लाइन तुटली की जुळायला दीड मिनिट, पुन्हा वर्गात शिरायला आणखी एक. सहा वेळा तुटली म्हणजे तासातला पाव तास गेला. बाकीची मुलं कंटाळून निघून गेली. ती मुलगी थांबली, कारण तिला एकच गणित विचारायचं होतं आणि तिची पाळी येते न येते तोच मी दिसेनाशी होत होते. शेवटी तिचे वडील बॅटरी आणि काठी घेऊन तिला आणायला गेले. दुसऱ्या दिवशी फोनवर ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही परत याल म्हणून थांबून होती मी."

त्या रात्री मी ब्राउझरमध्ये उघडणारं मोडेमचं पान नीट वाचलं. तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. शिकवताना माझा आवाज आणि फळा घरातून बाहेर जायला हवा होता, म्हणजे अपलोड. तो आधीही ५१२ केबीपीएस होता आणि नंतरही तेवढाच. मी वाढवला होता डाउनलोड, ज्याची मला गरजच नव्हती. त्यात माझा मोबाइल त्याच वेळी दिवसभराचे फोटो साठवणीला पाठवत असे. ती अरुंद वाट भरली की आवाजाचे तुकडे मागे रांगेत अडकतात. तासाआधी ते बंद करणं एवढाच उपाय होता, आणि तो फुकट होता.

लाइनमन आले तेव्हा खांबाजवळची डबी उघडली. आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं आणि जोड हिरवे पडले होते. ते म्हणाले, "मॅडम, या तारेत आठ जोड आहेत जी. पाणी गेलं का एकेक जोड बोलते." जोड बोलतात हे खरंच ऐकू येतं. घरच्या साध्या टेलिफोनचा रिसीव्हर उचला, एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि कान द्या. शांत असेल तर तार बरी. करकर, खरखर असेल तर मोडेमशी खेळत बसू नका, तार दुरुस्त करून घ्या. नुसतं "नेट हळू आहे" असं सांगितलं की वेग मोजून माणूस परत जातो. "रिसीव्हरमध्ये करकर येते, पाऊस पडला की तासाला सहा वेळा तुटते" असं सांगितलं की तो खांबावर चढतो.

जोड नवे झाले. मार्जिन मी ९ वर नेलं आणि वेग २.५ वर आला, म्हणजे सुरुवातीला होता त्याहूनही कमी. त्यानंतर भर पावसात लाइन सलग एकोणीस दिवस तुटली नाही. इंटरलीव्हिंग नावाची सोयही मी चालू ठेवली. ती माहितीचे तुकडे पसरून पाठवते, त्यामुळे गोंगाटाचा एखादा कडाका आला तरी नुकसान भरून काढता येतं. बदल्यात थोडे मिलिसेकंद उशीर होतो. खेळ खेळणाऱ्या पोरांना तो सलतो, शिकवणाऱ्याला कळतही नाही.

तुमच्याकडे अजून तांब्याची तार असेल तर काहीही बदलण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला मोडेमच्या पानावरून मार्जिन, चुकांचा आकडा आणि लाइन किती वेळ सलग चालली ते लिहा. वेग लिहिलाच तर शेवटी. रात्रीचं मार्जिन सर्वांत कमी असतं, निर्णय त्यावरून घ्या. आणि एका वेळी एकच बदल करा.

२०२२ मध्ये आमच्या गल्लीत फायबर आलं तेव्हा मला वाटलं, हा विषय संपला. तिथे तर फसवणूक जास्त बेमालूम आहे. तांब्यावर लाइन बिघडू लागली की तुटून पुन्हा जुळताना वेग तरी उतरतो. फायबरवर वेग शेवटपर्यंत तसाच दिसतो आणि एक दिवस लाल दिवा लागतो. म्हणून तिथे पोचणारा प्रकाश बघायचा. फायबरच्या मोडेमच्या डब्याच्या पानावर तो डीबीएममध्ये दिसतो. उणे १९, उणे २० असेल तर निर्धास्त. उणे २७ च्या आसपास बहुतेक घरगुती डब्यांची हद्द संपते. दर ३ ने आकडा घसरला की प्रकाश निम्मा झाला असं समजा. माझा उणे २६ होता आणि वेगाच्या चाचणीत सगळं उत्तम येत होतं. वानरांनी केबलला झोका घेतला की मात्र दिवा लाल. मोठा प्लॅन घेऊन यात काडीचा फरक पडला नसता. दाराच्या खिळ्याला केबल घट्ट वळवली होती. ती सैल मोठ्या वळणाने बसवली, टोकाचं कनेक्टर बदललं, आकडा उणे २० वर आला. पुढे मी प्लॅन खालचा घेतला आणि वाचलेल्या पैशांतून राउटरसाठी छोटा बारा व्होल्टचा बॅकअप आणला, कारण आमच्याकडे पाऊस आला की आधी वीज जाते.

वायफायलाही हेच लागू आहे. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवली तर चाचणीत आकडा मोठा येतो, पण शेजारच्या चार घरांचे राउटर अंगावर येतात. २० ठेवा, चॅनेल १, ६ किंवा ११ घ्या. जमलं तर शिकवण्याचा लॅपटॉप सरळ केबलनेच जोडा.

मोबाइलचं नेट जोडीला असावं, पण त्यावर विसंबू नका. माघात चिमूरच्या बालाजीच्या घोडायात्रेला गर्दी लोटते तेव्हा फोनवर रेंज पूर्ण दिसते आणि एक पान उघडत नाही.

शंकांचा तास मी त्या मुलीच्या फोननंतर त्याच आठवड्यात दुपारी चारवर आणला, तो अजून चारलाच असतो. तासाआधी गणितांचे फोटो पाठवून ठेवते. आणि मुलांना पहिल्याच दिवशी सांगते: मी दिसेनाशी झाले तर पाच मिनिटं वाट पाहायची, मग घरी जायचं, राहिलेलं गणित मी रात्री लिहून पाठवीन.