मोतीच्या राखेवर प्राजक्त लावावा का?

प्रश्न : आमचा कुत्रा मोती नुकताच गेला. दहनानंतर मिळालेली राख अंगणात पुरून त्यावरच प्राजक्त लावायचा मुलांचा हट्ट आहे. झाड जगेल का?

उत्तर : प्राजक्त जरूर लावा, पण राखेवर नको, दोन-तीन हात दूर लावा. दहनात शरीरातला नत्र जळून जातो. मागे उरतं ते मुख्यतः हाडांमधलं कॅल्शियम फॉस्फेट आणि सोबत सोडियमसारखे क्षार. ही राख बरीच अल्कधर्मी असते. ती मुळांशी एका जागी साठली, की रोपाला पाणी ओढणं जड जातं, लोह मिळेनासं होतं आणि पानं पिवळी पडतात. मग हाडांचं खत कसं चालतं, अशी शंका येईल. ते वाफवून दळलेलं असतं, त्यात थोडा नत्र शिल्लक राहतो, शिवाय ते मूठभरच घालतात. शेणखत आणि भरपूर माती मिसळून राख पातळ पसरली तर अपाय कमी होतो. तरी कोवळ्या रोपावर हा प्रयोग नकोच.

राख वेगळी ठेवली तर ते नुसतंच झाड उरेल, हा आक्षेप मला पटत नाही. मुलांची माया त्या जागेशी जडणार आहे. वर्षभरात रोप वाळलं, तर त्यांना मोती पुन्हा गेल्यासारखं वाटेल. म्हणून राख शेजारी पुरून वर एक दगड बसवा. जूनमध्ये पाऊस मुरल्यावर उन्हाच्या, पाणी न साचणाऱ्या जागी रोप लावा आणि पहिला उन्हाळा पाणी घालायचं काम मुलांकडेच द्या.