प्रवासापूर्वी शासकीय सूचना कशा वाचाव्यात : चारधाम यात्रेच्या उदाहरणासह

प्रवास ठरला की तिकिटे, निवास आणि सामान यांची तयारी प्रथम होते. शासनाने त्या प्रदेशासाठी प्रसृत केलेल्या सूचना मात्र बहुधा निघण्याच्या आदल्या दिवशी, तेही घाईघाईने, वाचल्या जातात. तोवर पैसे भरलेले असतात, रजा मंजूर झालेली असते आणि बेत बदलण्यास मन तयार नसते. म्हणून सूचना वाचण्याची योग्य वेळ आरक्षणापूर्वीची आहे. सूचना सर्वांसाठी एकच असली तरी तिचा अर्थ प्रत्येक घरात, किंबहुना घरातील प्रत्येक व्यक्तीसाठी, निराळा असतो. तो कसा लावावा, हे या पत्रकात उत्तराखंडातील चारधाम यात्रेच्या उदाहरणाने समजावून दिले आहे.

हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, ही यात्रा अनेक कुटुंबांत निवृत्तीनंतर केली जाते. म्हणजे ज्या वयात रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळतात, त्याच वयात माणूस प्रथमच तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर जातो. २०२२ च्या यात्राकाळात हृदयविकाराने व उंचीमुळे होणाऱ्या त्रासाने अनेक यात्रेकरू दगावले. यांतील धोका पुष्कळ अंशी आधी ओळखता येतो आणि म्हणूनच टाळताही येतो.

१. सूचना कोणाची, कशाविषयी आणि कधीची?

कोणतीही सूचना हाती आली की प्रथम चार गोष्टी पाहाव्यात : ती प्रसृत करणारा विभाग, तिची तारीख, ती लागू असलेला जिल्हा अथवा मार्ग आणि ती कोणासाठी आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी नसलेला, भ्रमणध्वनीवर पुढे पाठविला गेलेला संदेश विश्वासार्ह मानू नये. गतवर्षीच्या दरडीचे चित्र यंदाचे म्हणून फिरते, तसेच बंद झालेला रस्ता ‘सुरू’ असल्याचेही संदेश फिरतात.

• आरोग्यविषयक सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालय व संबंधित राज्याचा आरोग्य विभाग देतात.
• हवामानाचा इशारा भारतीय हवामान विभाग देतो.
• रस्ते, नोंदणी व यात्रा थांबविण्याचे आदेश राज्य शासन, जिल्हा प्रशासन व पोलीस देतात. चारधाम यात्रेसाठी नोंदणी अनिवार्य आहे.
• परदेशाविषयीच्या सूचना परराष्ट्र मंत्रालय व त्या त्या देशातील भारतीय दूतावास देतात.

सल्ला आणि आदेश यांतील भेदही ध्यानात घ्यावा. ‘टाळावे’ हा सल्ला आहे. तो आपल्या प्रकृतीशी ताडून निर्णय आपणांस घ्यावयाचा असतो. ‘वाहतूक बंद’ हा आदेश आहे. त्यावर स्थानिक चालकाने कितीही भरवसा दिला तरी तो मोडू नये.

२. हवामानाच्या चार रंगांचा अर्थ

हवामान विभागाचे इशारे जिल्हानिहाय असतात. हिरवा रंग म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. लाल म्हणजे तत्काळ कृती करा. डोंगराळ जिल्ह्यात नारिंगी इशारा असताना पुढचा टप्पा गाठण्याची घाई न करता आहे त्या सुरक्षित ठिकाणी थांबणे, हीच सज्जता होय. लाल इशारा असताना प्रवास करू नये.

जून २०१३ मध्ये केदारनाथ परिसरात झालेल्या अतिवृष्टीत व महापुरात हजारो लोकांनी प्राण गमावले. मोसमी पावसाच्या काळात दरडी कोसळून रस्ते बंद होणे ही तेथील नेहमीची बाब आहे. म्हणून कार्यक्रमात किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि नियमित औषधे कार्यक्रमाच्या दिवसांपेक्षा किमान एक आठवडा अधिक पुरतील इतकी न्यावीत.

३. उंचीचा आकडा आपल्या घराशी जोडून पाहा

यमुनोत्री सुमारे ३,२९० मीटर, गंगोत्री व बद्रीनाथ सुमारे ३,१०० मीटर आणि केदारनाथ सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे. मुंबई व बडोदे समुद्रसपाटीजवळ आहेत. पुणे व इंदूर साधारण ५५० मीटरवर. केदारनाथ येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी. ही उणीव भरून काढण्यासाठी श्वास व नाडी जलद होतात, रक्तदाब वाढू शकतो आणि हृदयावर भार येतो. शरीर विरळ हवेशी हळूहळू जुळवून घेते, परंतु त्यास काही दिवस लागतात.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘आम्ही चालणार नाही, गाडीने किंवा हेलिकॉप्टरने जाऊ, म्हणजे त्रास होणार नाही,’ असे अनेकजण मानतात. वाहन पायांचे श्रम वाचविते. हवा दाट करीत नाही. उलट पायी चालणारा काही तासांत जी उंची गाठतो, ती हेलिकॉप्टरने काही मिनिटांत गाठली जाते आणि शरीरास अवधीच मिळत नाही. बद्रीनाथ व गंगोत्री येथे तर मोटार थेट पोहोचते. त्याच दिवशी खाली परतल्यास धोका कमी होतो हे खरे. मात्र हवामान बिघडल्यास परतीचे उड्डाण रद्द होते. म्हणून ज्या व्यक्तीस वर एक रात्र काढणे वैद्यकीयदृष्ट्या सुरक्षित नाही, तिने ‘लगेच परत येऊ’ या हिशेबावर जाऊ नये.

४. कोणी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा?

उत्तराखंड शासनाच्या आरोग्य सूचनांनुसार ५५ वर्षांवरील व्यक्तींनी, तसेच हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह अथवा दमा असणाऱ्यांनी यात्रेपूर्वी तपासणी करून घ्यावी. ही तपासणी प्रस्थानापूर्वी चार ते सहा आठवडे करावी. औषधांत बदल करावा लागल्यास त्याचा परिणाम पाहण्यास तेवढा अवधी हवा. पुढील व्यक्तींनी विशेष काळजी घ्यावी :

• हृदयविकार : अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असल्यास, चालताना छातीत दुखत असल्यास किंवा थोड्या श्रमाने दम लागत असल्यास डॉक्टरांच्या स्पष्ट अनुमतीशिवाय जाऊ नये.
• उच्च रक्तदाब : उपचाराने नियंत्रणात असल्यास बहुधा जाता येते, नियंत्रणात नसल्यास आधी तो नियंत्रणात आणावा. प्रवासात एकही गोळी चुकवू नये.
• मधुमेह : इन्सुलिन गोठल्यास निरुपयोगी ठरते. ते सामानात न ठेवता अंगावरील कपड्यांच्या आत बाळगावे. कडाक्याच्या थंडीत रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकते. तेही उबेत ठेवावे.
• दमा व फुप्फुसांचे आजार : श्वासमार्गात घेण्याचे औषध हाताशी हवे. थंड, कोरडी हवा दम्याचा झटका आणू शकते.
• सिकलसेल : मध्य भारतातील अनेक आदिवासी जिल्ह्यांत, महाराष्ट्रात विशेषतः विदर्भ व नंदुरबार भागात, हा आनुवंशिक आजार आढळतो. प्राणवायू कमी मिळाल्यास त्याच्या तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. केवळ वाहक असलेल्यांच्या प्लीहेसही उंचीवर क्वचित इजा होते. डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना हे त्याचे लक्षण. कुटुंबात हा आजार असल्यास आधी रक्ततपासणी करून घ्यावी.
• गर्भवती स्त्रिया व लहान मुले : गर्भवती स्त्रियांनी ही यात्रा पुढे ढकलणे हिताचे. लहान मुलास डोके दुखते हे सांगता येत नाही. अकारण रडणे, न खाणे व न झोपणे ही त्याची लक्षणे समजावीत.

५. तयारी व वेळापत्रक

निघण्यापूर्वी काही आठवडे रोज २० ते ३० मिनिटे चालावे आणि ५ ते १० मिनिटे श्वसनाचे व्यायाम करावेत. यात्रा किमान सात दिवसांची आखावी. हरिद्वारहून थेट धावत न सुटता गुप्तकाशी (सुमारे १,३०० मीटर), उत्तरकाशी (सुमारे १,१५० मीटर) किंवा जोशीमठ (सुमारे १,९०० मीटर) अशा मधल्या ठिकाणी मुक्काम करावा. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असा उंचीवरील प्रवासाचा सर्वमान्य नियम आहे. चारधामात तो तंतोतंत पाळणे कठीण असते. म्हणूनच मधले मुक्काम व शक्य तेथे दर्शनानंतर खाली येऊन झोपणे यांस महत्त्व आहे.

गौरीकुंड ते केदारनाथ ही सुमारे १६ किलोमीटरची चढण आहे. पहाटे लवकर निघावे, बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे, वरचेवर थांबावे. दिवसातून किमान दोन लिटर पाणी प्यावे. उपवास असल्यासही काही खात राहावे. मद्य, धूम्रपान व झोपेच्या गोळ्या वर्ज्य कराव्यात. उंचीचा त्रास टाळणारे औषध आहे. मात्र ते सर्वांस चालत नाही, म्हणून शेजाऱ्याने दिलेली गोळी न घेता डॉक्टरांनाच विचारावे.

६. खाली केव्हा उतरावे?

उंचीवर पोहोचल्यानंतर पहिल्या सहा ते बारा तासांत डोकेदुखी, मळमळ, चक्कर, थकवा व झोप न येणे असा त्रास सुरू होऊ शकतो. अशा वेळी आणखी वर जाऊ नये. तेथेच विश्रांती घ्यावी. त्रास वाढल्यास खाली उतरावे.

पुढील लक्षणे प्राणघातक ठरू शकतात :

• बसून असतानाही दम लागणे, सतत खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, ओठ निळे पडणे;
• असंबद्ध बोलणे, अतिशय गुंगी, सरळ रेषेत चालता न येणे;
• छातीत दुखणे अथवा शुद्ध हरपणे.

यांपैकी एकही दिसल्यास सकाळची वाट न पाहता जवळच्या वैद्यकीय साहाय्य केंद्रात न्यावे आणि रुग्णास खाली उतरवावे. प्राणवायू व औषधे आधार देतात, परंतु उंचीच्या आजारावरील खरा उपचार खाली उतरणे हाच आहे. रुग्णास एकट्याने पाठवू नये.

७. परतण्याचा निर्णय घरीच ठरवून ठेवा

बरीच यात्रेकरू मंडळी त्रास होत असताना तो सांगत नाहीत. ‘माझ्यामुळे सगळ्यांचे दर्शन चुकेल’, ‘इतक्या जवळ येऊन कसे परतू’ अशी त्यांची भावना असते. शिवाय विरळ हवेचा परिणाम मेंदूवर झाला असेल, तर आपण आजारी आहोत हेच रुग्णास कळत नाही. म्हणून तीन गोष्टी घरीच ठरवाव्यात : निर्णय कोण घेईल, आजारी व्यक्तीसोबत खाली कोण उतरेल आणि दर्शन न झाल्यास कोणी कोणास दोष देणार नाही.

उदाहरणादाखल बडोद्याहून निघणारे चौघांचे कुटुंब घेऊ. आजोबांचे वय ६८, त्यांना रक्तदाब; आजींना मधुमेह; मुलगा व सून निरोगी. केदारनाथचे हेलिकॉप्टर व लगोलग बद्रीनाथ असा चार दिवसांचा कार्यक्रम त्यांच्यापुढे आहे. सूचना घरास लावून पाहिल्या की असे दिसते : दोघांची तपासणी हवी, चार दिवस अपुरे आहेत आणि मोकळा दिवस एकही नाही. यास तीन उत्तरे संभवतात : कार्यक्रम आठ-नऊ दिवसांचा करणे, या खेपेस एकच धाम करणे, किंवा तपासणीत दोष आढळल्यास यात्रा पुढील वर्षी करणे. तिन्ही उत्तरे योग्यच आहेत. सूचना न वाचता निघणे, एवढे एकच उत्तर अयोग्य आहे.

८. परदेशप्रवासासही हीच रीत

परदेशी जाताना परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना व त्या देशाचे लसीकरणाचे नियम वाचावेत. केनिया, युगांडा यांसारख्या पीतज्वराचा धोका असलेल्या देशांत जाणाऱ्यांनी ही लस केवळ अधिकृत केंद्रातच घ्यावी. तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य होते व आजन्म चालते. ते नसल्यास परतल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात घेतलेली लस म्हणूनच उपयोगी पडत नाही.

सोबत ठेवावे : ओळखपत्र व नोंदणीपत्र, आजार, औषधांची नावे व रक्तगट लिहिलेला कागद, आयुष्मान कार्ड असल्यास ते, कारण त्याचा लाभ अन्य राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही मिळतो, गरम व पावसाळी कपडे, घरच्यांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून, कारण थंडीत भ्रमणध्वनीची बॅटरी लवकर संपते.

साहाय्यासाठी : आपत्कालीन सेवा ११२, रुग्णवाहिका १०८, आरोग्य सल्ला १०४, पर्यटक साहाय्य १३६३. आपत्तीचे इशारे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ ॲपवर मिळतात. घरबसल्या वैद्यकीय सल्ल्यासाठी ‘ई-संजीवनी’ सेवेचा उपयोग करावा.

हे पत्रक डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. आपल्या प्रवासाची तारीख ठरविण्यापूर्वी नजीकच्या आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब व रक्तशर्करा तपासून घ्या आणि हे पत्रक घरातील ज्येष्ठांस वाचून दाखवा. मंदिर पुढील वर्षीही तेथेच असेल. आपले माणूस सुखरूप परत येणे अधिक मोलाचे आहे.