सुईला दोन नेढी

चिखलीला माझं शिवणकामाचं दुकान आहे. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी संध्याकाळी सुईला दोन नेढी दिसू लागली. सकाळी मात्र एकच. मोतीबिंदू असेल म्हणून तपासून घेतला. थोडा होताही, तो काढला. नेढी दोनच. एक डोळा झाकला की दुसरं नेढं गायब व्हायचं, पण हे डॉक्टरांना सांगावं असं मला सुचलंच नाही. मोतीबिंदूचं दुहेरी दिसणं एक डोळा झाकून सहसा जात नाही, हे फार उशिरा कळलं.

मग डावी पापणी लोंबू लागली. ज्वारीची अर्धी भाकर चावून झाली की जबडा थकायचा, हनुवटीला हाताचा टेकू द्यावा लागायचा. मुलगा म्हणाला लकवा, शेजारी म्हणाले वय. मलाही वयच पटलं. पण झोपून उठल्यावर बरं वाटतं आणि दिवस कलताना वाढतं, असं म्हातारपण कुठं असतं?

ओळखलं ते मेहकरला दिलेल्या पुतणीनं. तिला हा आजार तेविसाव्या वर्षी झाला. वेणी घालताना हात खाली पडायचे, हसली तर रडल्यासारखं दिसायचं. सासरी आधी नखरे म्हणाले, मग बाहेरचं म्हणून सैलानीच्या दर्ग्याला नेऊन आणलं. दोन वर्षं त्यात गेली. "काका, रसवंतीवरून बर्फ आणा," म्हणाली. फडक्यात गुंडाळून मिटल्या पापणीवर दोन मिनिटं धरला, अन् पापणी वर! हा काही पक्का निकाल नव्हे, पण मी दुसऱ्याच दिवशी संभाजीनगरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो.

मायस्थेनिया ग्रेव्हिस. शरीराची प्रतिकारशक्तीच नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवते. अमिताभ बच्चन यांना १९८४ मध्ये हाच आजार निघाला होता, तेव्हा ते चाळिशीत होते. पन्नाशीच्या आत तो बायकांना जास्त होतो आणि त्यांची छातीतली थायमस ग्रंथी बहुधा वाढलेली असते. पुतणीची ती काढली, गोळ्या पुष्कळ कमी झाल्या. पन्नाशीनंतर पुरुष जास्त. माझ्या वयात ही ग्रंथी सुकून चरबी झालेली असते, तरी तिथं गाठ नाही ना हे बघायला सीटी स्कॅन केलाच. गाठ नव्हती, म्हणून ऑपरेशनही नाही. मात्र पुतणीला पचलेल्या स्टिरॉइडनं माझी साखर चढवली, म्हणून डोस बेतानं ठेवावा लागतो. तिच्या गोळ्या पाहून मी माझ्या ठरवायला निघालो होतो. तसं कुणी करू नये.

त्याहून मोठी चूक खोकल्याची. मेडिकलवाल्याला आजार न सांगता अँटिबायोटिक घेतलं. या आजारात काही अँटिबायोटिक्स चालत नाहीत. तिसऱ्या दिवशी पाणी नाकातून येऊ लागलं, श्वास पुरेना. अतिदक्षता विभागात आठ दिवस काढले. गिळणं किंवा श्वास अडला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा. आजाराचं नाव लिहिलेला कागद आता खिशात असतो.

घरातल्या म्हाताऱ्याची पापणी पडत असेल तर सकाळी एक आणि दिवेलागणीला एक फोटो काढा. डॉक्टरांपुढे माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा ते दोन फोटो जास्त उपयोगी पडले.

काज-बटणांचं काम आता मी दहाच्या आत उरकतो. दुपारनंतर सुई सुनेच्या हातात.