सुरुवात व्यायामाच्या व्हिडिओपासून होते

मी बंगळूरला जयनगरमध्ये घरी गणिताची शिकवणी घेते, आठवी ते दहावी. माहेर मिरजेचं, संसार इथला. येणारी मुलं कन्नड, तमिळ, मारवाडी, थोडी मराठी. आपसात सगळे ‘मगा’ नाहीतर ‘मच्चा’, म्हणजे आपलं ‘भावा’. गणित कमी आणि गप्पा जास्त, अशी पालकांची तक्रार असते आणि ती खरी आहे. गेल्या काही वर्षांत या गप्पांत नवे शब्द आले: अल्फा, सिग्मा, सिम्प. सगळ्यांवर भारी पडणारा तो अल्फा, कुणाची पर्वा न करणारा तो सिग्मा. मुलीशी नीट बोलणारा मुलगा तो सिम्प, म्हणजे टिंगलीचा विषय. चौदा वर्षांच्या पोरांच्या बोलण्यात मुलींबद्दल अशी तयार, पाठ केलेली तुच्छता मी पूर्वी ऐकली नव्हती. तिच्याशी झटापट करताना जे हाती लागलं, ते सांगते.

१. सुरुवात मुलींपासून होत नाही.

माझ्याकडचा एक हडकुळा मुलगा वजन कसं वाढवायचं ते शोधत होता. व्यायामाच्या व्हिडिओमागून शिस्तीचे व्हिडिओ आले, मग पैसा कमावण्याचे, आणि मग ‘बायका कमजोर पुरुषाला कशा फसवतात’ हे सांगणारे. त्याने यातलं पहिलं तेवढं मागितलं होतं. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या नावाने कोरी खाती उघडून पाहिली. शोध काहीही असो, प्रत्येक खात्यावर पहिल्या २३ मिनिटांच्या आत असा मजकूर येऊन पोचला. तिथे टिकटॉक आणि यूट्यूब शॉर्ट्स तपासले होते. टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे. पण शॉर्ट्स आहेत, रील्स आहेत.

यामागे सरळ धंदा असतो. बायकांबद्दल असंच बोलणाऱ्या अँड्र्यू टेट या माणसाला ऑगस्ट २०२२ मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक आणि यूट्यूबने हाकललं, तरी माझ्या नववीतल्या मुलांना तो तोंडपाठ. कसा? त्याच्या ऑनलाइन ‘विद्यापीठा’त पैसे भरून आलेल्यांना नवा सभासद आणला की दलाली मिळत असे. म्हणून त्यांनीच त्याच्या चिथावणीखोर बोलण्याचे तुकडे कापून जगभर पसरवले. हे मुलांना सांगितलं तेव्हा वर्गातला सर्वांत मोठा ‘अल्फा’ खरोखर चिडला. बायकांविषयीच्या माझ्या कुठल्याही व्याख्यानाने तो हलला नव्हता; आपण कुणाचं तरी गिऱ्हाईक आहोत, हे मात्र त्याला झोंबलं.

२. तक्रार झटकू नका, मोजून बघा.

आयआयटीची स्वप्नं पाहणाऱ्या या शहरात मुलांचा आवडता राग म्हणजे ‘मुलींना कमी रँकवर सीट मिळते, आमची जागा जाते.’ यावर ‘असं बोलू नये’ म्हटलं की विषय संपतो आणि राग तसाच राहतो. मी फळ्यावर आकडे लिहिते. २०१८ च्या आधी आयआयटीत शंभर विद्यार्थ्यांमागे दहासुद्धा मुली नव्हत्या. म्हणून त्या वर्षापासून मुलींसाठी वाढीव जागा निर्माण केल्या. आधी १४ टक्क्यांचं लक्ष्य होतं, २०२० मध्ये २० टक्क्यांचं. या जागा असलेल्या जागांवर भर घालून केल्या, मुलांच्या जागांना हात न लावता. कमी रँकवर प्रवेश मिळतो ही तुमची अर्धी गोष्ट बरोबर, जागा गेली ही अर्धी चूक. मुलांना हा हिशेब पटतो. निदान जे वजाबाकी करतात त्यांना.

दुसरा लाडका आकडा ऐंशी-वीसचा: ऐंशी टक्के मुली वरच्या वीस टक्के मुलांच्याच मागे असतात. मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘अ‍ॅडोलसन्स’ या ब्रिटिश मालिकेमुळे तो पालकांच्याही कानावर गेला; मुलांना आधीच ठाऊक होता. मी शंभर मुलं आणि शंभर मुली मांडायला सांगितल्या आणि विचारलं, आपल्या देशात जवळपास सगळ्यांची लग्नं होतात, मग उरलेल्या ऐंशी जणांच्या बायका कुठून आल्या? एकजण म्हणाला, “मॅम, माझ्या अप्पांना बघितलंय ना तुम्ही? ते वरच्या विसांत नक्कीच नाहीत.” सगळे हसले आणि त्या सिद्धांताची निम्मी हवा गेली.

पण मोजायचं तर दोन्ही बाजूंनी. सीबीएसईच्या दहावीत २०२५ साली ९५ टक्के मुली पास झाल्या, मुलं ९२.६३ टक्के. मुली पुढे गेल्याचं कौतुक आपण दरवर्षी छापतो. मुलं का मागे पडतात, हे मुलांशी बसून कोण बोलतं? ती पोकळी त्या व्हिडिओवाल्यांनी बरोबर हेरली आहे.

३. मुलग्यांचं दुःख खरं असतं. त्यावर लावलेलं लेबल तपासावं.

डिसेंबर २०२४ मध्ये अतुल सुभाष या बंगळूरमधल्या अभियंत्याने आत्महत्या केली. पत्नी, सासर आणि न्यायव्यवस्था यांच्यावर आरोप करणारी २४ पानांची चिठ्ठी आणि लांबलचक व्हिडिओ त्याने मागे ठेवला. आठवडाभर माझ्याकडे दुसरा विषय नव्हता. एक माणूस जिवानिशी गेला होता, त्याचा चार वर्षांचा मुलगा मागे राहिला होता. रील्सवर मात्र त्याचं ‘लग्नच करू नका, सगळ्या बायका अशाच’ झालं होतं. मिसरूडही न फुटलेली मुलं पोटगीवर तावातावाने बोलत होती.

त्या वेळी ‘बायकांवर किती अत्याचार होतात ते बघा’ असं उत्तर द्यायचं नाही, हे मी ठरवलं होतं. मेलेल्या माणसापुढे दुसऱ्याचं दुःख तराजूत घालू नये. आपल्या देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहा जणांत सात पुरुष असतात. २०२२ च्या सरकारी नोंदीत १ लाख ७० हजारांपैकी सव्वा लाखाच्या आसपास. हे मी सांगितलं आणि विचारलं, तुमचे बाबा, काका, मामा कुणाशी मन मोकळं करतात? बराच वेळ कुणाला नाव सुचेना. मग चष्मेवाला एक म्हणाला, “आमच्या घरी आईच विचारते, बाबा सांगत नाहीत.” यात बायकांचा सूड कुठे आहे, हे मला विचारावं लागलं नाही.

४. ‘गंमत होती’ हे वाक्य तिथेच अडवावं.

१ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ नावाच्या अ‍ॅपवर शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’ला लावले गेले. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. मुंबई पोलिसांनी त्या प्रकरणात पहिला ताब्यात घेतला तो याच शहरातला एकवीस वर्षांचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. दुसरी उत्तराखंडची अठरा वर्षांची मुलगी. अ‍ॅप बनवल्याच्या आरोपावरून दिल्ली पोलिसांनी धरला तोही विशीतला विद्यार्थीच. यांतला कुणी सराईत गुंड नव्हता. मुलगीही होती, हे मी मुद्दाम सांगते. विषय मुलगे वाईट असण्याचा नाही, टोळक्यात एकमेकांना हसवता हसवता माणूस कुठवर जातो याचा आहे. वर्गातल्या मुलीच्या फोटोचं स्टिकर करणाऱ्याला मी रागावत नाही. ‘यात हसण्यासारखं काय आहे, मला समजावून सांग’, एवढंच म्हणते आणि गप्प बसते. समजावून सांगताना विनोद मरतो.

५. बघणाराही त्यात असतो.

मे २०२५ मध्ये नम्म मेट्रोत बायकांचे चोरून व्हिडिओ काढून इन्स्टाग्रामवर टाकणारं एक खातं उघडकीला आलं. बनशंकरी पोलिसांनी गुन्हा नोंदवला. अटक झालेला सत्तावीस वर्षांचा, खासगी कंपनीत हिशेब लिहिणारा. त्या खात्याला पाच हजारांहून जास्त लोक फॉलो करत होते. बनशंकरी आमच्या मेट्रोच्या हिरव्या मार्गावरचं स्टेशन, माझी निम्मी मुलं तिथूनच येतात, त्यांच्या आया-बहिणीही. त्या दिवशी फार बोलावं लागलं नाही.

६. मुलं मोठ्यांचंही ऐकतात, दुर्दैवाने.

२०१७ च्या नववर्षाच्या रात्री एम.जी. रोड आणि ब्रिगेड रोडवर बायकांची छेडछाड झाली, तेव्हा गृहमंत्री जी. परमेश्वर म्हणाले की अशा दिवशी असं घडतं. एप्रिल २०२५ मध्ये बीटीएम लेआउटमध्ये तसाच प्रकार झाला. गृहमंत्री पुन्हा तेच, आणि मोठ्या शहरात अशा घटना होतात, हे उत्तरही जवळपास तेच. नंतर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्या अधिवेशनात विधानसभेच्या एका माजी अध्यक्षांनी बलात्काराच्या उपमेने विनोद केला आणि सभागृह हसलं; दुसऱ्या दिवशी माफी. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे ‘बायको’चे विनोद तर कुणी माफी मागण्याइतकेही मनावर घेत नाही. सगळा दोष परदेशातल्या त्या टकल्या टेटवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

७. फोन काढून घेतला की मुलगा मित्राच्या फोनवर बघतो. एवढंच.

८. सर्वांत जास्त ऐकलं जातं ते चारपाच वर्षांनी मोठ्या दादाचं.

माझं ऐकतात, पण शेवटी मी ‘मॅम’. माझा भाचा पुण्याहून इथे नोकरीला आला. जिमला जातो, क्रिकेट खेळतो, एकदा मुलीकडून नकार मिळाला तेव्हा चार दिवस रडला, हे त्याने मुलांसमोर सहज सांगितलं. ती संध्याकाळ माझ्या वर्षभराच्या बोलण्याहून भारी ठरली. मुंबईत हरीश सदानी आणि त्यांच्या मित्रांनी १९९३ मध्ये सुरू केलेली ‘मावा’ ही पुरुषांची संघटना हेच करते: महाविद्यालयीन तरुणांना तयार करून त्यांना मुलग्यांशी बोलायला पाठवते. असा एखादा दादा प्रत्येक वस्तीत असतो. त्याला बोलवावं लागतं.

प्रकरण हाताबाहेर जातंय असं वाटलं तर बंगळूरच्या निम्हान्समध्ये मोबाइल-इंटरनेटच्या अतिवापरावरचं ‘शट’ क्लिनिक २०१४ पासून चालू आहे, आणि टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक देशभर कुठूनही लागतो. पण त्याच्या बरंच आधी, आज जेवण झाल्यावर, तुमच्या मुलाला म्हणा, ‘हल्ली तुला कोण आवडतं ते दाखव बघू.’ तो लावेल तो व्हिडिओ मध्येच न बोलता शेवटपर्यंत बघा.