तटाहून बळकट पहारा : बंद्यांचे वर्गीकरण आणि कारागृहाची सुरक्षितता

कारागृह म्हटले की उंच दगडी तट, लोखंडी दरवाजा आणि मनोऱ्यावरील बंदूकधारी शिपाई असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. बंदी पळून गेल्याची वार्ता वृत्तपत्रांत आली की तट आणखी उंच करावा, अशी सूचनाही हमखास पुढे येते. तथापि, पलायनाच्या घटना बारकाईने पाहिल्यास निराळेच चित्र दिसते. कोणता बंदी कोठे ठेवला आहे, तो कोणाच्या संगतीत आहे आणि त्याच्याकडे कोण लक्ष देत आहे, या तीन गोष्टींत ढिलाई झाली की उंच तटही निरुपयोगी ठरतो.

दोन बोलक्या घटना

दिल्लीच्या तिहार कारागृहातून चार्ल्स शोभराज हा कुख्यात गुन्हेगार १६ मार्च १९८६ रोजी पळाला. त्याने तट ओलांडला नाही की गज कापला नाही. वाढदिवसाच्या निमित्ताने त्याने पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध घातलेली मिठाई खाऊ घातली आणि काही साथीदारांसह तो दरवाजातूनच बाहेर पडला. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांचे निरीक्षक मधुकर झेंडे यांनी गोव्यातील पर्वरी येथे त्याला जेरबंद केले. ज्या बंद्यापासून सर्वाधिक सावध राहावयाचे, त्याच्याच हातची मिठाई पहारेकऱ्यांनी स्वीकारावी, यातच त्या घटनेचे मर्म आहे.

दुसरी घटना आपल्या राज्यातील. ३१ मार्च २०१५ रोजी नागपूर मध्यवर्ती कारागृहातील पाच कच्चे कैदी बराकीच्या खिडकीचे गज कापून व तट ओलांडून पसार झाले. त्यानंतरच्या झडत्यांत कारागृहात अनेक मोबाईल संच सापडले. गज एका क्षणात कापला जात नाही आणि मोबाईल आपोआप आत येत नाही. तटापर्यंत पोहोचण्यापूर्वी पलायनाची तयारी बराकीत झालेली असते, हे या घटनेने दाखवून दिले.

वर्गीकरण कशासाठी?

१८९४ च्या कारागृह अधिनियमाने बंद्यांना वेगवेगळे ठेवण्याची मूळ तत्त्वे घालून दिली. स्त्रियांना पुरुषांपासून, एकवीस वर्षांखालील तरुणांना प्रौढांपासून, न्यायाधीन बंद्यांना सिद्धदोष बंद्यांपासून आणि दिवाणी बंद्यांना फौजदारी बंद्यांपासून अलग ठेवावे, असे हा कायदा सांगतो. परंतु वय, लिंग आणि खटल्याची अवस्था एवढ्यावरून माणूस पुरता ओळखता येत नाही. रागाच्या भरात एकदाच हातून खून घडलेला शेतकरी आणि टोळीच्या बळावर खंडणी उकळणारा सराईत या दोघांवर कलम एकच असू शकते. त्यांच्यापासून संभवणारा धोका मात्र एक नसतो.

म्हणून नवा बंदी दाखल झाल्यावर त्याची पूर्वीची शिक्षा, यापूर्वी केलेले पलायन, टोळीशी असलेला संबंध, प्रकृती, मनःस्थिती, कुटुंबाची परिस्थिती आणि कारागृहात त्याचे कोणाशी वैर आहे काय, या साऱ्यांची नोंद व्हावी लागते. तीवरून त्याला सर्वसाधारण बराकीत ठेवावयाचे की अतिसुरक्षा विभागात, हे ठरते. एकाच टोळीचे साथीदार शक्यतो एकत्र ठेवले जात नाहीत. हे वर्गीकरण एकदाच करून भागत नाही. जामीन फेटाळला जाणे, मोठी शिक्षा लागणे, घरून येणारी मुलाकात अचानक बंद होणे, अशा प्रसंगी बंद्याचे मन बदलते. त्याची फेरतपासणी वेळोवेळी झाली पाहिजे.

रोजची दक्षता

सुरक्षिततेचा खरा कणा म्हणजे नित्याची कामे. सकाळी बराकी उघडताना आणि सायंकाळी बंद करताना मोजणी करणे, खिडक्यांचे गज ठोकून पाहणे, कारखान्यातील हत्यारे काम संपताच मोजून घेणे, तटाजवळ शिडी, दोर वा बांबू राहू न देणे ही ती कामे होत. दिसण्यास ती क्षुल्लक आहेत, परंतु एका दिवसाचा कंटाळा महागात पडतो. न्यायालयात वा रुग्णालयात नेताना तर बंदी तटाबाहेरच असतो; तेथे विशेष सावधगिरी लागते. दूरचित्रसंवादाद्वारे होणाऱ्या सुनावणीमुळे हा धोका बराच टळतो.

बेड्यांची मर्यादा

धोकादायक बंद्याला सरसकट बेड्या ठोकाव्यात, असे काहींना वाटते. १९७८ साली सुनील बात्रा व चार्ल्स शोभराज यांच्या अर्जांवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शिक्षा झाली म्हणून माणसाचे मूलभूत हक्क संपुष्टात येत नाहीत आणि सबळ कारणाशिवाय, दीर्घकाळ बेड्या घालून ठेवता येत नाहीत. आठ वर्षांनी पळाला तो हाच शोभराज. त्याला रोखण्यास बेड्यांपेक्षा दरवाजावरील शिपायाची शिस्त अधिक उपयोगी पडली असती, असे म्हणावयास हरकत नाही.

तट नसलेले कारागृह

वर्गीकरणाची दुसरी बाजू अधिक आशादायक आहे. तत्कालीन औंध संस्थानात, सध्याच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, १९३९ साली स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. तेथे निवडक बंदी शेती करून राहू लागले. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा याच प्रयोगाची. येरवडा व पैठण येथील खुली कारागृहे त्याच विश्वासावर चालतात. मात्र हा विश्वास पारखून ठेवावा लागतो. कोणाला कुलूप हवे आणि कोणाला नको, हे वर्गीकरणच सांगते.

गर्दीचे आव्हान

या मार्गातील मोठा अडथळा गर्दीचा आहे. २०२२ अखेर देशातील कारागृहांत ४,३६,२६६ बंद्यांची सोय असताना ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतील सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते. जेथे अंथरूण पसरण्यास जागा नाही, तेथे कागदावरील वर्गीकरण बराकीत उतरणे कठीण होते. किरकोळ चोरीच्या आरोपावरून आलेला आणि जामीनदार न मिळाल्याने अडकून पडलेला तरुण सराईताच्या शेजारी झोपतो. त्या सराईताच्या पलायनास उद्या तो हातभार लावील किंवा सुटल्यावर त्याच्या टोळीत जाईल. यांपैकी दुसरे नुकसान कोणत्याही मोजणीत दिसत नाही.

यास्तव खटल्यांचा जलद निकाल, गरीब बंद्यांना विधी साहाय्य आणि पुरेसा प्रशिक्षित कर्मचारीवर्ग यांचा विचार सुरक्षिततेपासून अलग करता येणार नाही. आज आत असलेले बहुतेक बंदी एक ना एक दिवस आपल्याच गावात परतणार आहेत. ते पळून न जाता, कायद्याने सुटून आणि सुधारून परतावेत, यातच समाजाची खरी सुरक्षितता आहे.