पडली तर कुठे पडेल?

भाच्या, बागेतल्या छोट्या गाडीच्या इंजिनावर ३५ किलोची काशाची घंटा बसवायचं काम तू घेतलंस, हे तुझ्या आईनं सांगितलं, तेव्हापासून माझा जीव त्या घंटेत अडकलाय. आपल्याकडे इंजिनाला शिट्टी असते. घंटा असायची ती स्टेशनात, आणि तीही कित्येक ठिकाणी नुसता टांगलेला रुळाचा तुकडा. चालत्या इंजिनावर घंटा ही अमेरिकेकडची रीत. म्हणून बडनेऱ्यात हे काम केलेला माणूस तुला सहजी सापडणार नाही. पण काकाजींनी मला जे शिकवलं, ते इथे जसंच्या तसं लागू पडतं.

काकाजी बडनेऱ्याला कॅरेज-वॅगनचे फिटर. गाडीखाली काहीही टांगायचं असलं की त्यांचा एकच सवाल असे : "हे पडन त कोठी पडन, हे आंधी पाय." डब्याखालच्या ब्रेकबीमला पिना असतात, तरी खाली वेगळा सेफ्टी ब्रॅकेट का देतात? पिन तुटली तरी बीम रुळावर येऊ नये म्हणून. तुझी घंटाही रुळावर आली तर चाक तिच्यावर चढेल, आणि मागच्या डब्यांत लेकरं बसलेली असतील. तेव्हा घंटेच्या जुवाला, म्हणजे ती ज्याला टांगते त्या आडव्या दांड्याला, एक जाड साखळी घालून ती थेट चासीला बांध. ढील वीतभर, जास्त नको.

अशी साखळी मला एकदा फार मोठा धडा देऊन गेली. तरुणपणी एका कारखान्यातल्या ट्रॉलीवर मी अशीच घंटा बसवली होती. कैची, म्हणजे घंटा धरणारा सांगाडा, नीट वेल्ड केली, पण बोल्ट मारले ते वरच्या पत्र्यात. दिसायला भक्कम. तिसऱ्याच फेरीत रुळाच्या सांध्यावर दणका बसला, पत्रा बोल्टाभोवती कागदासारखा फाटला आणि घंटा बाजूला कलंडली. खाली पडली नाही, कारण काकाजींनी हट्टानं साखळी घालायला लावली होती. पुढे ट्रॉलीमन चालत होता. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून पत्र्यावर विसंबू नकोस. बोल्ट चासीच्या चॅनेलमधून आरपार गेला पाहिजे, खालून १० मिमीची प्लेट. वजन ३५ किलो असलं तरी हिशेब चौपट, म्हणजे १४० किलोचा धर. दणका वजन बघून बसत नाही. १६ मिमीचे चार बोल्ट, डोक्यावर ८.८ चा शिक्का असलेले. आणि कैचीला पुढून-मागून तिरपे आधार दे. ब्रेक लागला की घंटा पुढे झेप घेते, आणि नुसते उभे खांब तिथेच वाकतात.

जागा दोन्ही ॲक्सलच्या मधे, रुळांच्या मध्यरेषेवर, आणि होईल तितकी खाली. दोन रुळांतलं अंतर बघ : आपली मोठी लाइन १६७६ मिमीची. मूर्तिजापूरची शकुंतला गाडी ७६२ ची होती, माथेरानची गाडी ६१० ची. रूळ जितके जवळ, तितकं उंचावरचं वजन वळणावर जास्त घातक. घंटा टपावर शोभेल असं गिऱ्हाईक म्हणेल. ऐकू नकोस.

बसवायच्या आधी घंटा दोरीवर टांगून लाकडी हातोडीनं वाजव. गाडी थांबली की काकाजी चाकं ठोकत जायचे. तडा गेलेलं चाक बद्द बोलतं. घंटेचंही तसंच. नाद लांबत नसेल, मधेच खरखरत असेल तर परत पाठव. कासं म्हणजे साधारण चार भाग तांबं, एक भाग कथील. कडक, पण ठिसूळ. त्याला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग लावायचं नाही. जू आणि घंटेच्या माथ्यात फायबरचा वॉशर घाल आणि नट बेतानं आवळ. तिथे कॅसल नट आणि स्प्लिट पिनच हवी, कारण घंटा स्वतःच थरथरते आणि स्प्रिंग वॉशर त्या थरथरीपुढे टिकत नाही. रबर मात्र नको, आपल्या ४५ अंशांच्या उन्हात ते तडकतं.

नट आवळून झाला की नटावरून बोल्टावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढ. रेघ तुटलेली दिसली की समज, नट फिरला. पहिल्या दिवशी दर फेरीनंतर बघ, मग आठवडाभर रोज सकाळी. "नट सोताहून सांगत नाई, त्याले इचारा लागते," असं काकाजी म्हणायचे.

लोलकाला चामड्याचा पट्टा ठेव आणि गाडी चालताना तो बांधून टाक. नाहीतर प्रत्येक सांध्यावर घंटा आपोआप वाजेल आणि खऱ्या इशाऱ्याकडे कुणी वळूनही बघणार नाही. वर्षातून एकदा घंटा पाव फेर फिरव, म्हणजे लोलकाचा मार एकाच जागी बसत नाही.

रविवारी चेन ब्लॉक घेऊन मी येतो. तोवर चारही चाकांना लाकडी गुटके करून ठेव, आणि घंटा उचलताना तिच्याखाली कुणी उभं राहायचं नाही, हे पोरांना आत्ताच सांग.