कोलेस्टेरॉल : शरीराची गरज आणि धोक्याची सूचना

पनवेल तालुक्यातील गव्हाण हे खाडीलगतचे गाव. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी हे या परिसराचे पिढ्यान्‌पिढ्यांचे उद्योग. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. गव्हाण त्यांपैकीच एक. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये रेल्वे उरणपर्यंत पोहोचली. चिखलणी-लावणीचे कष्ट कमी झाले. ताटातील तांदळाची भाकरी, कोळंबी, चिंबोरी व ओले खोबरे मात्र कायम राहिले आणि त्यांच्या जोडीला तळलेले व बेकरीचे पदार्थ आले. अशा गावांतून ‘कोलेस्टेरॉल’ हा शब्द आता वारंवार ऐकू येतो, पण तो बहुधा भीतीने उच्चारला जातो. म्हणूनच त्याचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

शरीरातील कार्य

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा मेदयुक्त पदार्थ होय. पित्ताशयातील खड्यांत तो प्रथम आढळल्यामुळे ‘पित्त’ व ‘घन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्यास हे नाव मिळाले. तो मुळात शत्रू नव्हे. प्रत्येक पेशीच्या आवरणास तो बळकटी देतो. अन्नातील स्निग्धांश पचविणारी पित्ताम्ले, स्त्री-पुरुषत्वाची संप्रेरके आणि सूर्यप्रकाशात त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व यांची घडण त्याच्याशीच निगडित आहे. शरीराला लागणारे बहुतांश कोलेस्टेरॉल यकृत व इतर पेशी स्वतःच तयार करतात. आहारातून येणारा वाटा त्यामानाने लहान असतो.

वाहक दोन, परिणाम भिन्न

मेद पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून त्याची वाहतूक प्रथिनांच्या वेष्टनातून होते. कमी घनतेचे वाहक, म्हणजे एल.डी.एल., कोलेस्टेरॉल पेशींकडे नेतात. त्यांची संख्या वाढली की ते रोहिण्यांच्या भिंतींत शिरून साचतात, रोहिणी अरुंद होते आणि हृदयविकार वा पक्षाघात ओढवू शकतो. अधिक घनतेचे वाहक, म्हणजे एच.डी.एल., जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणतात. पेशी एल.डी.एल. कशा उचलून घेतात, याचा उलगडा केल्याबद्दल ब्राउन व गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ताटातील समजुती

कोळंबीत कोलेस्टेरॉल बरेच असते, परंतु संपृक्त मेद अत्यल्प असतो. नारळात कोलेस्टेरॉल मुळीच नसते, पण खोबरेल तेलातील सुमारे नऊ-दशांश मेद संपृक्त असतो आणि रक्तातील एल.डी.एल. वाढविण्यात संपृक्त मेदाचाच हात मोठा असतो. तेव्हा प्रमाणात खाल्लेली कोळंबी नव्हे, तर तळण व खोबऱ्याचा अतिरेक अधिक चिंतेचा. तेलाच्या डब्यावरील ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दानेही भुलू नये. कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात ते जवळजवळ नसतेच. सुक्या मासळीतील मीठ रक्तदाब वाढविते, हेही ध्यानी ठेवावे.

तपासणी हाच उपाय

वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही. पुष्कळदा पहिले लक्षण हृदयविकाराचा झटका हेच असते. म्हणून रक्ततपासणीस पर्याय नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण व्यक्तीचे एल.डी.एल. दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे. ज्यांचा धोका अधिक त्यांच्यासाठी ही मर्यादा आणखी खाली येते. मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखूचे व्यसन किंवा घराण्यात तरुणपणी हृदयविकार असल्यास डॉक्टरांचा सल्ला तातडीने घ्यावा. औषध सुरू झाल्यावर आकडा खाली आला, म्हणून ते आपल्या मनाने बंद करणे ही घातक चूक ठरते. आकडा उतरला तो औषधामुळेच, हे विसरता कामा नये.

या कामी शिक्षक व पंचायत सदस्यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी होते. ग्रामसभेत तिची माहिती द्यावी आणि कोलेस्टेरॉलच्या तपासणीबाबतही तेथेच विचारणा करण्यास ग्रामस्थांना सांगावे. शेतीतील श्रम गेले, तेथे रोज अर्धा तास भरभर चालण्याची सवय लागावी. जमिनीचे रूप पालटले, तशी आरोग्याची काळजी घेण्याची रीतही पालटली पाहिजे.